आबांच्या पाइपलाइनीतला साप

ड्रिलखाली भुगा साठतो ना, तसे किस्से साठतात. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच! आम्ही तिघांनी यंत्राचा साप करायला घेतला आणि वर्षभरात टोपलीभर साठले.

तिघं म्हणजे मी, संतोष आणि वैशाली. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, कारेगावात राहायला. सापाचं खूळ संतोषचं. त्याचे वडील, आबा, इनामगावात शेती करतात. घोड नदीपासून शेतापर्यंत जमिनीखालून पाइपलाइन. ती तुंबली की नेमकी कुठं तुंबली ते कळत नाही, सगळं रान उकरावं लागतं. पाइपातून सरपटत जाऊन जागा दाखवणारा साप पाहिजे, एवढंच!

*

पहिला साप दोन महिने फरशीवर जागच्या जागी वळवळला. शेवटी गावातल्या सर्पमित्राला गळ घातली, "खरा कसा चालतो ते दाखवा." रानात सोडायला नेत असलेली धामण त्यानं आमच्या फरशीवर ठेवली. तीही घसरायला लागली!

"हिला बी जमंना व्हय?" संतोषचा जीव भांड्यात पडला. "मंग आपलं काय बी चुकलं न्हाई!"

"फरशी चुकली," सर्पमित्र म्हणाला. "पोटाला पकड लागती."

*

पकडीसाठी पोटाखाली बारकी चाकं लावायची ठरली. शिरूरच्या बाजारात संतोषनं खेळण्यातल्या वीस मोटारी मागितल्या.

दुकानदार मामा चाट पडले. "किती लेकरं हायेत तुम्हाला?"

"एकच हाय. पण लांब हाय!"

*

शेजारच्या खोलीत बिहारचे पांडेजी राहतात. एका रविवारी साप उंबऱ्यावरून त्यांच्या दारात गेला. आम्ही धावत पोचेपर्यंत काठीचे चार फटके बसले होते.

"पांडेजी, वायर नहीं दिखा क्या?"

"तीसरे में दिख गया था भैया. चौथा इसलिए मारा, क्या भरोसा!"

साप चालूच होता. वैशाली खूश. म्हणाली, "चला, टेस्टिंग झालं."

*

यंदा श्रावणात पावसानं ओढ दिली. आबांनी उसाची नवी लागण केलेली, आणि नेमकी तेव्हाच पाइपलाइन तुंबली! एक-दोन दिवसांत पाणी मिळालं नाही तर सगळी लागण वाळणार. आम्हा तिघांची सुट्टी जुळली, तसं साप घेऊन इनामगाव गाठलं.

साप पाइपात शिरला. शेपटीला खुणा केलेली दोरी. त्याच्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यात शेवाळ दिसलं, मग मुळ्यांचा हा भला मोठा गठ्ठा. मिळाली जागा! वैशालीनं टाळी वाजवली. पण साप त्याच गठ्ठ्यात अडकला. ओढायला गेलो, तर नुसती दोरी हातात आली. वर्षाची मेहनत आत!

किती दोरी आत गेली होती ते संतोषनं रानात मोजलं, तिथं दगड ठेवला आणि कुदळ उचलली.

"ठिव ती," आबा म्हणाले. "आज नागपंचमी हाय. जमिनीला कुदळ लावायची न्हाई."

"आवं आबा, लागण वाळंल!"

"वाळू दी. खाली नाग आसतोय, त्याला लागंल."

"आबा, खाली आमचाच नाग हाय!"

आबांनी दगडाकडं बघितलं, मग संतोषकडं. आणि त्याच्या हातातनं कुदळ काढून घेतली.

"मंग तर आजाबातच न्हाई!"