डांबराखाली गेलेला नंबर

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

नारळी पौर्णिमा आली म्हणून आम्ही कळव्यातल्या सगळ्यांनी होड्यांना डांबर फासलं. स्वराज्य आल्यावर कचेरीतून मिळालेले नोंदणीचे नंबरही त्याखाली गेले. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आज सकाळी भाजी घेऊन ठाण्याला निघालेलो. भर खाडीत मागून आरोळी आली, "चोरा, माजी होरी हाय ती!" चौघे वल्ही उगारून अंगावर आले.

"दादा, माझीच आहे रे!"

"मंग फलीखाली माज्या आयशीचा नाव कसा?"

वाकून पाहिलं. खिळ्याने कोरलेलं, भागीरथी.

पाया पडलो, होडी परत दिली, तेव्हा सुटलो. त्यांनीच काठावर सोडलं, तर माझी होडी जागेवर नाही!

कुणी चुकूनच नेली असेल ना? नसेल, तर सापडल्यावर ती माझीच, हे मी कशावरून सांगू?