सावेकाका आणि शेजारची फाईल

सावेकाकांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नेहमी निळ्या बॉलपेनने नावं लिहिलेली असत. फोटो काढला की कॅमेरा गळ्यात सोडून ते बाही वर सारत आणि समोरच्याला विचारत, "नाव? कोणाची कोण? कुठला पाडा?" उत्तर आलं की तिथल्या तिथे हातावर उतरे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, "काका, एखादी वही घ्या की." ते म्हणाले, "वही स्कूटरवरून पडते. हात पडला तर मला कळेल ना!"

डहाणू रोड स्टेशनजवळ त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो आणि लग्नं यांवर घर चाले. रविवार मात्र तलासरीकडच्या आदिवासी पाड्यांचा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो ते वर्षानुवर्षं आपल्या हौसेने काढत आले होते. कोणी वारलं की घरचे स्टुडिओत येत, काका कॉम्प्युटरवर नाव टाइप करत आणि चेहरा समोर येई. कितीतरी घरांत त्या माणसाचा तेवढा एकच फोटो असे. मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. काकांनी मला कॉम्प्युटरचं काम बघायला ठेवून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं होतं. ते रॉ फोटो काढत, म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलं ते जसंच्या तसं. झोपडीतल्या अंधारातला चेहरा उजळला, कडा कापल्या, नाव-गाव लिहिलं, तर त्यातलं काहीच मूळ फोटोत जात नाही. फोटोच्याच नावाची एक चिमुकली एक्सएमपी फाईल शेजारी तयार होते आणि सगळं तिच्यात राहतं. काका म्हणत, "फोटो म्हणजे माणूस आणि ही बारकी फाईल म्हणजे त्याचा शेजारी. माणसाबद्दल विचारायचं तर शेजाऱ्याला विचारावं. माणूस हलवलास तर शेजाऱ्यालाही बरोबर ने." मी मान हलवली होती. ऐकलं नव्हतं.

त्यांचा दुसरा नियम होता, नोंदीत अंदाज लिहायचा नाही. नाव नक्की नसेल तर 'विचारायचं आहे' असं लिहीत आणि पुढच्या रविवारी खरंच विचारून येत. "फोटो खोटा काढता येतो," ते म्हणत, "नोंद तरी खरी ठेव बाबा."

चैत्रात काका महालक्ष्मीच्या यात्रेचे फोटो काढायला विवळवेढ्याला गेले आणि जाताना जुन्या डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर घ्यायचं काम मला सांगून गेले. हजारो बारक्या फाईलींमुळे कॉपी अडत होती. काका परत येण्याआधी काम संपवून शाबासकी घ्यायची होती मला. प्रोग्रॅमचा कचरा असेल असं समजून मी बारक्या फाईली वगळल्या आणि नुसते फोटो नव्या डिस्कवर घेतले. मग जुनी डिस्क पूर्ण पुसली आणि तिच्यावर नव्या डिस्कचीच दुसरी प्रत करून ठेवली. दोन्हीकडे सारखंच, म्हणून खूशही झालो.

आठवड्याभराने वेवजी गावची कमळी आली. "काका, माझा बापूस गेला. त्याचा फोटो तुमचेकडं आहे ना?" काकांनी नाव टाइप केलं. काही आलं नाही. पुन्हा केलं. मग त्यांनी फोटोच उघडले, तर सगळे चेहरे काळोखात, एकालाही नाव नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"डिस्क खराब झाली असेल, काका," मी म्हणालो.

काकांनी एक खुर्ची ओढून स्क्रीनपुढे ठेवली. मग कमळीला म्हणाले, "बस गं. चहा घे. आपण दोघं मिळून बापाला शोधू." संध्याकाळपर्यंत ती स्क्रीनपुढे बसून होती. बाप सापडल्यावर तिने पदर तोंडाला लावला. काकांनी बाही वर केली आणि नाव पुन्हा हातावर लिहून घेतलं.

पुढची दोन वर्षं दर रविवारी छोट्या प्रिंटांची पिशवी घेऊन आम्ही पाडे फिरलो. स्कूटर काकांची, मागे मी. एका म्हातारीने त्यांना अडवलं. "मागं विचारलंस ना माझं नाव? डोकं गळकं झालं का तुझं?"

"झालं खरं, आजी. परत एकदा सांगून टाक."

"उद्या बायकोचं नाव विसरशील!"

"तिचं कसं विसरेन? विसरलो तर जेवायला कोण वाढेल!"

सगळे हसले. मी पिशवी धरून मागे उभा होतो. दर पाड्यावर काका विसराळू ठरत होते आणि मी गप्प राहत होतो.

एकदा परतताना हायवेच्या टपरीवर चहा पिताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "विनायक, खराब डिस्क निवडून खात नाही. मोठं-बारीक सगळं खाते." मी चहावर फुंकर घालत राहिलो. कबूल करायला तेवढा वेळ पुरे होता. त्यांनी वाटही पाहिली. मग कप ठेवून म्हणाले, "चल, आता तीनच पाडे राहिलेत."

त्यांतला एक झाला. थंडीत काका झोपेतच गेले.

उरलेले दोन पाडे मी एकट्याने केले. नोंदी करायला बसलो तेव्हा काकांनी त्या दोन वर्षांत भरलेल्या फाईली पहिल्यांदा नीट वाचल्या. प्रत्येकीत नाव, नातं, पाडा आणि खाली एकच वाक्य होतं: 'दुसऱ्यांदा विचारून लिहिलं. पहिली नोंद डिस्क खराब झाल्यामुळे गेली.' जन्मभर नोंदीत अंदाजसुद्धा न लिहिणाऱ्या माणसाने माझ्यासाठी प्रत्येक फाईलीत खोटं लिहून ठेवलं होतं.

सगळे फोटो एकदम निवडून ते वाक्य एका झटक्यात बदलता येतं. मी तसं करत नाही. स्टुडिओ बंद करण्याआधी रोज थोड्या फाईली उघडतो, त्यातलं नाव मोठ्याने वाचतो, काकांचं ते वाक्य पुसतो आणि लिहितो: 'पहिली नोंद विनायकने घालवली. दुसऱ्यांदा सावेकाकांनी विचारून लिहिली.'