कणगीतली परदेशी पाकिटं

मी एकदा दोन सरकारी माणसांना पोहे खायला घालून माझ्या नणंदेचं वय पाच वर्षांनी कमी केलं होतं. नातवंडांना सांगितलं की ती म्हणतात, "आजी, तेव्हा तू लहान असशील." लहान कसली! दोन लेकरांची आई होते आणि अख्ख्या पोलादपूर तालुक्यात माझ्याइतकं शहाणं कोणी नाही अशी माझी समजूत होती.

गोष्ट नव्वदनंतरची. नणंद मुंबईला अणुशक्तीच्या सरकारी केंद्रात शास्त्रज्ञ होती. आमच्या डोंगरातल्या गावातून चालत पोलादपूरची शाळा, मग एसटीने महाडचं कॉलेज, मग थेट मुंबई. बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची. युरोपातल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तिची निवड झाली होती. कुठल्या देशाकडे किती अणुइंधन आहे, ते सांगितलेल्या जागी आहे की नाही, हे तपासणारी ती संस्था. फक्त आपल्या सरकारची परवानगी यायची होती. हे सगळं तिने पत्रात लिहिलं होतं आणि पत्र मी वाचलंही होतं. पण वाचलं कसं, तर लग्नाबद्दल काही आहे का ते शोधत. ते नव्हतं, म्हणून बाकीचं डोक्यात राहिलं नाही.

आमच्याकडे रीत अशी की मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडचे लोक दोन वयस्क माणसं गुपचूप पाठवतात. ती कधी बैल विकत घ्यायच्या निमित्ताने येतात, कधी पाणी मागायला. बोलता बोलता मुलीची माहिती काढतात. घरच्यांना कळलेलं असतं, पण कळलंय असं दाखवायचं नाही.

तर एका दुपारी मोटारसायकलवरून दोघे आले. एक मिशीवाले, एक बारीक. घरात मी आणि सासूबाईच. नणंदेचं नाव घेऊन मिशीवाले म्हणाले, "सरकारी कामासाठी थोडी माहिती हवी होती." मी मनात म्हटलं, बैलापेक्षा हे निमित्त बरं आहे. त्यांनी कागद पुढे केला. मी तो बघितलासुद्धा नाही. म्हटलं, "पत्रिकेचं मागाहून मोठ्यांशी बोला."

ते एकमेकांकडे बघायला लागले. मी पोहे टाकायला आत पळाले. बशा त्यांच्या हातात देऊन परत आत वळले, तर फळीवर नणंदेने सुट्टीत आणून ठेवलेली परदेशी तिकिटांची पाकिटं दिसली. तिकडच्या शास्त्रज्ञांची पत्रं ती. म्हटलं, परपुरुषांची पत्रं बघितली तर स्थळ गेलंच! उचलली आणि भाताच्या कणगीत कोंबली.

ओटीवरून सासूबाईंनी बघितलंच. "अगो, ती पाकिटा कणगीत कशाला कोंबतेस? उंदीर खातील ना!"

बारीक माणसाचा पोह्यांचा घास हातातच राहिला.

"वय काय मुलीचं?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"सत्तावीस."

"परदेशात कधी जाणं झालंय?"

"छे हो! मुंबईच्या पुढे पाऊल नाही." दोनच वर्षांपूर्वी ती प्रशिक्षणासाठी सहा आठवडे फ्रान्सला जाऊन आली होती. तिथून तिने आणलेली साखरदाणी मी त्यांच्यासमोरच चहाला घेतली होती.

"पत्रव्यवहार वगैरे?"

"मान वर करून बघत नाही कोणाकडे. नोकरीसुद्धा सोडणार आहे." आणि न राहवून मी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?"

"बरं बरं," मी डोळे मिचकावले आणि आणखी पोहे वाढले.

महिन्याभराने नणंद सकाळच्या एसटीने आली. ओरडली नाही. पायरीवर बसली, चप्पलसुद्धा काढली नाही. मुंबईत ती पुण्यासारखं बोलायची, पण उंबऱ्याशी आली की आमचीच.

"वयनी, माझी फाइल अडकली. मी अर्जात लिवलंय एक, आनि चौकशीला आलेल्या मानसांना घरच्यांनी सांगितलंय दुसरंच. तीन आठवडे हायत. तवर परवानगी नाय आली, तर जागा दुसऱ्याला जाईल."

"मला वाटलं, मुलाकडचे हायत."

तिने माझ्याकडे एवढ्या शांतपणे बघितलं की थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. कंदिलाच्या उजेडात गणितं सोडवून जी पोर एवढ्या लांब पोचली होती, तिच्या वाटेत मी पोह्यांची बशी घेऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी महाडला त्या दोन माणसांच्या कार्यालयात गेलो. कणगीतून काढलेली पाकिटं मी पदरात बांधून नेली होती. टेबलावर ठेवली तर सगळ्या कागदांवर भाताचं तूस सांडलं.

"साहेब, मी खोटं बोलले," मी म्हटलं. "तुम्ही मुलाकडून तिची माहिती काढायला आलात असं वाटलं."

मिशीवाले आधी हसले नाहीत. पाकिटं एकेक उघडून बघितली. मग विचारलं, "आता खरं सांगा. बाई कशा आहेत?"

मग मी सगळंच सांगितलं. बत्तीस वर्षांची आहे. फ्रान्सला जाऊन आली आहे. भाकरी जाळते. बापाशी वाद घालते आणि जिंकते. शाळेत मास्तरांचं गणित चुकलं तर उभी राहून सांगायची, छडी खायची आणि दुसऱ्या दिवशी परत सांगायची. खोटं बोलता येत नाही, त्यामुळे घरात फार अडचण होते. नणंद खाली मान घालून बसली होती. मिशीवाल्यांनी सगळं लिहून घेतलं, शेवटी माझी सही घेतली आणि तेव्हा कुठे मिशीतल्या मिशीत हसले.

परवानगी आली. मुदतीच्या चार दिवस आधी.

पुढे ती तपासनीस झाली. देशोदेशी जायची, इंधनाच्या पेट्यांना लावलेली सीलं तपासायची, मोजमापं घ्यायची. एकदा एका ठिकाणी फाटकच उघडेनात, तर बर्फात बॅगेवर बसून राहिली. चार तासांनी त्यांनीच कंटाळून उघडलं. हळूहळू वर चढत गेली. दोन हजारनंतर एका अख्ख्या विभागाची प्रमुख झाली, हाताखाली पंचवीस देशांची माणसं. गावात कोणी विचारलं, "तुमची नणंद बॉम्ब बनवते काय गो?" की मी ऐटीत सांगायचे, "नाय. दुसऱ्यांनी बनवू नये म्हणून बघते." ऐट माझी, बर्फात बसायची ती.

प्रमुख झाली त्या मे महिन्यात गावी आली होती. मी पोहे केले. ती ओटीवर बसून खात होती, डोक्यावर पांढरे केस दिसायला लागले होते. मी विचारलं, "एवढे मोठमोठे साहेब लपवतात, ते तुला कळतं कसं गो?"

तिने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "वयनी, कोणी फार गोड बोलायला लागला आनि न मागता दुसऱ्यांदा वाढायला लागला, की मी त्याला म्हनते, आधी तुमची कणगी उघडा."