साठ टक्के प्रकाश आणि आमचा केदार

आमच्या लेझर लॅबमध्ये हवा तो प्रकाश महिनोन्महिने निघत नाही, किस्से मात्र रोज निघतात! अंधाऱ्या खोलीत चार माणसं गॉगल लावून दिवसभर एका टेबलाभोवती उभी राहिली, की दुसरं होणार काय? हायडेलबर्गला येऊन मी पेपर किती लिहिले ते विचारू नका, किस्से विचारा. त्यातले निम्मे केदारचे.

केदार सांगलीचा, मी नाशिकची, तो मला सीनियर. त्याचं काम थोडक्यात सांगते. समोरासमोर आरसे, मध्ये एक स्फटिक, त्यात हिरवा लेझर सोडायचा. त्या हिरव्यातून डोळ्यांना न दिसणारे दोन नवे रंग बाहेर पडतात. या यंत्राला आम्ही ओपीओ म्हणतो. भानगड एवढीच, की आत घालाल त्यातला थोडाच प्रकाश बदलून बाहेर येतो. केदारचा आकडा पस्तीस टक्क्यांवर अडून बसलेला.

आमच्या प्रोफेसरबाई, फ्राऊ ब्रेनर, यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "साठ दाखव आणि थीसिस दे." इकडे केदारची बायको अनुजा इंगोलश्टाटला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. पाच वर्षांची ईरा तिच्याकडे. शुक्रवारी दुपारी केदार ट्रेन पकडायचा, रविवारी तोंड पाडून परत. साठ टक्के झाले की बिऱ्हाड एक होणार, असा सगळा मामला!

*

केदारचे सासरे रिटायर्ड हेडमास्तर. एकदा लॅबमध्येच त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"काय जावईबापू, किती पडले?"

"पस्तीस, बाबा."

"मग झालात की काठावर पास! आमच्या बोर्डात पस्तीसला सोडतात. तुमच्या जर्मनीत काय अडलंय?"

"मॅडमना फर्स्ट क्लास पाहिजे."

सासरे गंभीर झाले. "अहो, मग अभ्यास कमी पडतोय तुमचा!"

तेव्हापासून दर रविवारी प्रश्न ठरलेला, "फर्स्ट क्लास आला का?" गुड मॉर्निंग नाही, तब्येत नाही, डायरेक्ट निकाल!

*

ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. किंडरगार्टनमध्ये बाईंनी विचारलं, बाबा काय करतात? बाकीच्या पोरांचे बाबा गाड्या बनवणारे. ही म्हणाली, "पापा माख्ट लिख्ट कापुट!" म्हणजे बाबा प्रकाश मोडतो.

अनुजाला वाटलं, केदारला लागेल. हा उलटा खूश! सोमवारी येऊन सगळ्यांना सांगत सुटला, "गेनाऊ, अगदी बरोबर! एकाचे दोनच तर करतो आपण. पोरीला कळलं, फंडिंगवाल्यांना कळत नाही!"

*

खंडेनवमीला केदारने लेझरच्या पॉवर सप्लायला हळदकुंकू लावलं. टेबलापासून लांब हं, आरशांवर कण बसला तर बाई आम्हालाच उकळत्या तेलात टाकतील.

दुसऱ्या दिवशी सेफ्टी बघणारा आमचा टेक्निशियन होल्गर तो ठिपका निरखत उभा. "हे कोणत्या धोक्याचं चिन्ह?"

केदार म्हणाला, "आधी नमस्कार, मग स्विच."

होल्गर नियमाचा पक्का. तेव्हापासून तो रोज हात जोडतो आणि मगच लेझर चालू करतो. शिवाय आम्ही विसरलो की ओरडतो!

*

केदारने जिवाचं रान केलं. स्फटिकाला नवा हीटर बसवला, उरलेला हिरवा प्रकाश आरशावरून परत स्फटिकात पाठवला. आकडा पन्नाशीला टेकला आणि तिथेच बसला.

पण एक गंमत दिसली. शनिवार-रविवारी कॉम्प्युटरने घेतलेला ग्राफ छान चढलेला असायचा. सोमवारी धाडकन खाली!

आळ आला होल्गरवर. जर्मन माणूस तो, बर्फ पडो नाहीतर काही, सकाळी खिडकी उघडून लुफ्टेन, म्हणजे खोलीत ताजी हवा, करणारच. गार हवेने स्फटिक बिघडत असणार! खिडकीला बंदी घातली. होल्गर इतका दुखावला, की डबा घेऊन बाहेर बाकावर जेवायला लागला. "मला मोकळी हवा लागते," म्हणाला.

पुढच्या सोमवारी आकडा परत खाली. बिचाऱ्याची माफी मागून खिडकी परत दिली.

*

मग एका सोमवारी फ्राऊ ब्रेनर केदारच्या मागे खुर्ची टाकून बसल्या. कॉफी पीत नुसत्या बघत राहिल्या.

केदारने ओपीओवरचं झाकण उघडलं. टेबलावर वाकला. आरशाचा स्क्रू फिरवला, "जरासाच हं." आकडा बघितला. दुसरा स्क्रू, "एवढासाच." मग पहिला परत. जेवणाची वेळ झाली तरी याचं जरासं संपेना!

बाई उठल्या. "केदार, झाकण लाव आणि इंगोलश्टाटला जा. मी सांगेपर्यंत येऊ नकोस."

केदारचा चेहरा पडला. बिचाऱ्याला वाटलं, संपलं सगळं. "मॅडम, पण मेजरमेंट?"

"हे बघ, तू जाणं हीच मेजरमेंट!"

*

आठवडाभराने मीच फोन केला. त्याचा फोन स्पीकरवर होता. "केदार, बासष्ट! रोज बासष्ट, हलत नाहीये!" पलीकडून अनुजा हसत-रडत म्हणाली, "लग्न झाल्यापासून सांगतेय याला, तू हात लावला नाहीस की सगळं नीट चालतं!"

मागून सासऱ्यांचा आवाज. तेव्हा ते तिकडेच आले होते. "फर्स्ट क्लास! पेढे आणा कुणीतरी!"

*

थीसिसच्या तोंडी परीक्षेला पहिल्या रांगेत सासरे कोट घालून, शेजारी अनुजा, तिच्या मांडीवर ईरा. केदारने हीटर, आरसे, परत पाठवलेला प्रकाश, सगळं फर्मास सांगितलं. शेवटी बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "उत्तम. पण शेवटची ही मोठी उडी, पन्नासवरून बासष्ट, ती घेण्यासाठी तुम्ही नेमकं काय केलंत?"

केदारने फ्राऊ ब्रेनरकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या. मग त्याने अनुजाकडे पाहिलं, टाय सरळ केला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला,

"घरी गेलो."