बंद डब्यातले वॉशर

"डबा उघडायचा न्हाई, ताई," असं म्हणून चाचा झाकणावर तळहात दाबून धरायचे. चेहरा असा, जणू आत पेढेच आहेत.

चिखलीतल्या आमच्या वर्कशॉपचं स्टोअर त्यांच्याकडे होतं. स्टोअरकीपर तुम्हीही पाहिले असतील, चार बोल्टांसाठी चार सह्या घेणारे. चाचा कोडं घालायचे. उत्तर आल्याशिवाय बोल्ट हातात पडायचे नाहीत.

मी प्रेस मशीनवर दिवसभर उभी असायचे. चाकणच्या एका कंपनीत तपासणीचं, बसून करायचं काम मिळत होतं. पण दहावी पास हवी होती, आणि मी तर गणितात नापास. सतरा वर्षांनी पुन्हा फॉर्म भरला खरा, पण 'एक्स मानू' वाचलं की मी पुस्तक मिटायचे.

"मानायचंय काय त्यात? मोजायचंय," चाचा म्हणाले आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी जुना तराजू काढला. एका पारड्यात बंद डबा आणि पाच सुटे वॉशर. दुसऱ्यात बारा वॉशर आणि तसाच एक रिकामा डबा. पारडी बरोबर.

"रिकामा कशाला?" मी विचारलं.

"डब्याचंबी वजन असतंय की. आता दोन्हीकडून सारखं काढा."

मी पाच-पाच काढले. पारडी हलली नाहीत. उजवीकडे सात उरले.

"म्हणजे एक्स म्हणजे वॉशर," मी घाईने म्हणाले. चाचांनी कपाळाला हात लावला.

"वॉशर न्हाई. वॉशर किती, ते."

मग त्यांनी झाकण काढलं. आत सातच. खोटं कशाला सांगू, मला नाचावंसं वाटलं. न उघडता कळलं होतं.

त्यानंतर रोज नवा खेळ. मालाची मोजणी करताना अठ्ठावीस, सत्तेचाळीस, बहात्तर आले की चाचा आधी अठ्ठावीस आणि बहात्तर एकत्र करायचे, शंभर. "बेरजेत आधी कोण, नंतर कोण, असला मानपान नसतो. वजाबाकीत मात्र जागा बदलायची न्हाई." जेवणाचा डबा अर्धा तसाच राहायचा, पण सुट्टी संपूच नये असं वाटायचं.

माझी परीक्षा झाली, आणि निकालाआधीच चाचा रिटायर होऊन राजगुरुनगरजवळच्या आपल्या गावी गेले. गणितात पास झाल्याचं कळलं त्याच रविवारी मी पेढे घेऊन बस पकडली.

चाचांनी मार्कलिस्ट डोळ्यांना लावली, पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पेपर आणलाय?"

खाटेवर बसून ते एकेक गणित सोडवू लागले. एका ठिकाणी थांबले. तिथे एक्सही होता आणि वायही.

"दोन डबे, दोन्ही बंद," ते हळूच म्हणाले. "माझं शिक्षण सातवीपतुर, ताई. हे आपल्याला न्हाई येत."

ते बाजूला सरकले, खाटेवर मला जागा केली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"चाचा, तराजू एकदाच लावून भागत नाही," मी म्हणाले. "दोनदा लावायचा. डबे तेच, पण मांडणी वेगळी. मग एका मांडणीतून दुसरी वजा करायची."

मी लिहीत गेले. चाचा माझ्या हाताकडे बघत होते. आधी वाय गेला, एक्स निघाला, मग वायही निघाला. चाचा ताडकन उठले, पायात चप्पल नसतानाच स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि चाचींना हाका मारू लागले, "अगं, भाकरी ऱ्हाऊ दे, आधी हिकडं ये. दोनीबी निघाले बघ."