हाड शाबूत, नस तुटलेली

"कापलीस! नस कापलीस ना, बये? आता हसून दाखव. अशी नाही — अर्ध्या तोंडानं! तुझा पेशंट जन्मभर जसा हसणार ना, तशी हस. सगळ्यांना दिसू दे!"

माझे जुने गुरू टिपणीस सर माईकवर ओरडत होते. मुलुंडला त्यांच्याच हॉस्पिटलचा ट्रेनिंग हॉल, समोर हॉलभर कानाचे डॉक्टर आणि मधोमध हातात ड्रिल धरून उभी नीता परब, तिथलीच ज्युनियर. तिनं खरंच हसून दाखवलं. अर्ध्या तोंडानं. हॉल खदखदला.

पुढचं ऐकण्याआधी एक लक्षात ठेवा... मी भुताखेतांतला माणूस नाही. बोरिवलीत माझा कानाचा दवाखाना आहे. बोरिवलीकरांच्या कानांतून आजवर काढलेला मळ साठवला असता तर नॅशनल पार्कात अजून एक डोंगर झाला असता आणि वर बिबटेही राहायला आले असते. कानात आवाज येतात म्हणून येणाऱ्याला मी गोळ्या देतो, अंगारा नाही. बायको म्हणते, तुझ्या दहातल्या नऊ गोष्टी फेकलेल्या असतात. ही दहावी, यार.

तर रविवार होता. सीएमई होती — म्हणजे डॉक्टर झाल्यावरही न सुटणारी शाळा. सकाळी वाहत्या कानाचं निदान झालं — कुठला कान थेंबांवर भागतो, कुठल्याचं ऑपरेशनच करावं लागतं. मग सराव. देहदान केलेल्या माणसांची कानामागची हाडं पकडीत बसवलेली; त्यांवर ड्रिल चालवायला शिकायचं. त्या हाडाच्या पोटात दोऱ्याएवढी एक नस असते, चेहरा हलवणारी. ती तुटली की अर्धा चेहरा गेला. डोळा मिटत नाही, चहा हनुवटीवरून ओघळतो. कानाचा सर्जन यमाला घाबरणार नाही एवढा त्या नसेला घाबरतो.

आणि आमच्यात रीत आहे — हाड समोर आलं की आधी हात जोडायचे. नीता पडली मालवणची, ती तर हाडाशी बोलते. "सांभाळून घेवा हां, काकानू," असं पुटपुटली, ते सरांनी ऐकलं आणि तिथून ते तिच्या मागे लागले.

"सर, कापली नाही हो," ती म्हणाली. "नुसता धक्का लागलाय. पडद्यावर बघा ना."

मोठ्या पडद्यावर नस अखंड दिसत होती. मागून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. झालं! सरांना खोटं पाडलेलं चालत नाही. त्यांनी नीताला खांद्यानं बाजूला सारलं आणि ड्रिल उचललं. हातबित जोडले नाहीत.

"धक्का काय? ही घे!" गुर्रर्र... नसेचे दोन तुकडे. "आता कापली! ओरडला का तुझा काका? नाही ना? मेलेल्याला कसला नमस्कार गं? तू मालवणला जाऊन काजू सोल!"

हॉल हसला. सरही हसले. त्यांचं हसू म्हणजे काय सांगू... खाली लॉबीत त्या हसऱ्या चेहऱ्याचा पुरुषभर उंचीचा फोटो आहे. पेशंट म्हणे तो बघूनच अर्धे बरे होतात.

ते हसू मध्येच थांबलं.

हाड उजव्या कानाचं होतं. सरांचा उजवा गाल, दोरी सुटलेल्या पडद्यासारखा खाली आला. आम्हाला वाटलं, नीताची नक्कल करतायत! काय टाळ्या पडल्या! एकानं तर शिट्टी मारली. सर "थांबा" म्हणायला गेले आणि लाळ टायवर गळली, तर हॉल आणखीच फुटला. माणूस घाबरलाय हे कळेपर्यंत आमचं हसून पोट दुखायला लागलं होतं. नीता एकटी हसत नव्हती. ती हाडावर ओला कपडा पांघरत होती.

आता तुम्ही म्हणाल, तोंड असं अचानक वाकडं होतंच की. होतं. मीच त्यांच्या बायकोला तसं सांगितलं, "वहिनी, हे उतरतं हो." स्टिरॉइड झाली, फिजिओ झाली, गाल हलेना. शेवटी ऑपरेशन ठरलं. मी मदतीला होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. सरांचं हाड शाबूत. चीर नाही, ओरखडा नाही. थराथरानं उघडलं... तर आत नस तुटलेली. सरांनी त्या हाडात जिथे कापली होती, बरोब्बर तिथेच. सीलबंद डबा उघडावा आणि आतला लाडू कुणी तरी खाल्लेला असावा, तसं.

ताण, विषाणू, रक्तदाब — सगळं घासून पाहिलं मी. विषाणू ड्रिल चालवत नाही.

टाके काढायला सरांना मीच घेऊन गेलो. लॉबीतून जाताना त्यांनी फोटोकडे बघितलं नाही. ओपीडी नेमकी नीताची. तिनं हळुवार टाके काढले, पट्टी लावली. सरांना धड बोलता येत नव्हतं, ओठ जुळत नव्हते. त्यांनी तिचा हात धरला.

"नीता... ते हाड कुठे आहे गं? एकदा दाखव. मला हात जोडायचेत."

नीतानं हात सोडवून घेतला आणि ग्लोव्ह्ज काढले.

"त्यांचं दहन झालं, सर. रात्री डोळ्याला टेप लावून झोपा."