हाय म्हणजे आहे

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत चालत जावं लागतं अशा वाडीतून रोज एसटीनं जाऊन-येऊन मी महाडला बी.एस्सी. केलं.

पदवीबरोबर तिथं आणखी एक गोष्ट केली. पहिल्या वर्षी सरांनी वर्गात विचारलं, प्रयोगाची वही कुणाकडे आहे. मी उभी राहून म्हणाले, "माझ्याकडं हाय." मागच्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींना हात हलवून "हाय, हॅलो" केलं आणि सगळा वर्ग हसला. सरसुद्धा. त्या दिवसापासून मी हाय टाकलं, नाय टाकलं. चवदार तळ्याच्या कडेनं स्टँडकडे जाताना एकटीच पुटपुटायची. आहे, नाही. होय, नाही. इचारलं नाही, विचारलं. तिसऱ्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतलं तेव्हा हसणाऱ्यांतल्या दोघी टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांच्याकडे बघून घेतलं.

पुढे परीक्षा दिली आणि हवाई दलात नागरी कर्मचारी म्हणून लागले. नेमणूक झाली ती वाळवंटातल्या एका धावपट्टीवर. जागेचं नाव लिहीत नाही. तिथून जीपनं पाऊण तास गेलं की रेंज लागायची, म्हणजे विमानांनी बॉम्ब टाकायचा सराव करायची जागा. जमिनीवर चुन्यानं आखलेली मोठी वर्तुळं, मधोमध निशाण म्हणून ठेवलेले जुन्या ट्रकांचे सांगाडे आणि लांबवर आमचा टॉवर. टॉवरमध्ये साहेब बसत. वैमानिकांशी बोलायचा माइक त्यांच्याकडे आणि जमिनीवरच्या माणसांशी बोलायचा वायरलेस सेट माझ्याकडे. विमान यायच्या आधी आतली माणसं बाहेर निघाली का ते विचारायचं, रजिस्टरात वेळ टाकायची आणि साहेबांना म्हणायचं, "ग्राउंड क्लिअर." माझे ते दोन शब्द कानावर पडल्याशिवाय साहेब विमानाला परवानगी देत नसत. माझ्या घरात कुणाच्या दोन शब्दांना एवढी किंमत आली नव्हती. मला ते काम फार आवडायचं.

आत जाणाऱ्या माणसांचा मुकादम आमच्या पोलादपूरजवळच्या कापडे गावचा होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी धावपट्टीच्या बांधकामावर ठेकेदाराबरोबर आलेला आणि तिथंच राहिलेला. वर्तुळं पुन्हा आखणं, मोडलेले सांगाडे उभे करणं, न फुटलेला बॉम्ब दिसला तर त्याच्याशेजारी लाल झेंडी रोवून वर कळवणं ही त्याच्या टोळीची कामं. त्याची-माझी ओळख झाली ती टॉवरच्या लोखंडी दारात माझं बोट चेमटलं तेव्हा. इतक्या वर्षांची शुद्ध भाषा बाजूला राहिली आणि तोंडातून निघालं, "आये गो!" जिन्याखाली चुन्याची पोती उतरवणारा तो माणूस वर बघायला लागला.

"कुठली गो तू? आमच्याकडची वाटतेस."

त्या दिवसापासून ते काका झाले. गावी काकी आणि सून शेती बघायच्या, मुलगा मुंबईत. काका वर्षातून एकदा भाताच्या कापणीला जायचे. माझ्या बोलण्याची मात्र त्यांना फार गंमत वाटायची. "पुण्याची बाय आली गो पुण्याची बाय," म्हणायचे.

नियम असा होता की सेटवर ठरलेलं हिंदीच बोलायचं. मी विचारायचं, "रेंज खाली?" आणि खालून उत्तर यायचं, "रेंज खाली." बाकी काही नाही. पण काकांबरोबर हळूहळू आम्ही मराठीवर आलो. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला आपल्या बोलीत दोन शब्द ऐकायला मिळतात, एवढाच विचार मी केला होता. साहेबांनी एकदा भुवई उंचावली, मग म्हणाले की भाषा कुठली का असेना, मला साफ आहे की नाही ते सांगा. नियम साहेबांनी सैल केला असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. सैल मी केला होता.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. त्या प्रसंगाच्या तीन आठवडे आधी मी दुर्बिणीतून वर्तुळाजवळ कुणीतरी वाकलेलं पाहिलं आणि "स्टॉप, स्टॉप, स्टॉप" म्हटलं. टॉवरमधून कुणीही हे तीनदा म्हटलं की विमानाला परतवावंच लागतं. विमान परतलं, सराव अर्ध्यावर सुटला, जीप पाठवली. ती नीलगाय होती. मेसपासून टपालाच्या डिस्पॅच टेबलापर्यंत सगळीकडे झालं, मॅडमना चार पायांचा माणूस दिसला. एकानं तर मला विचारलं की तुमच्या गावाकडे माणसं अशीच असतात का. मी अजून परिवीक्षेवर होते, नोकरीत कायम व्हायचे होते. पुन्हा असं हसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

त्या सकाळी दहाच्या सुमाराला दोन विमानं यायची होती. काकांची टोळी पहाटेच आत गेली होती. साडेनवाला ट्रॅक्टर धुरळा उडवत बाहेर येताना दिसला. ट्रॉलीत माणसं होती. किती, ते धुरळ्यात दिसलं नाही. विमानं हवेत असल्याचं साहेबांना कळलं आणि त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी सेट उचलला आणि माझ्या महाडच्या मराठीत विचारलं, "काका, आत कुणी राहिलं नाही ना?"

खरखर आली. मग एकच शब्द आला आणि पुन्हा खरखर.

होय.

मी वेळ लिहिली आणि म्हणाले, "ग्राउंड क्लिअर." साहेबांनी माइकवर परवानगी दिली.

पहिलं विमान लांबवर वळण घेत होतं. त्याचा आवाज अजून आला नव्हता, पांढऱ्या आभाळात नुसता ठिपका सरकत होता. मी पेनाचं टोपण लावत होते आणि तो शब्द माझ्या कानात तसाच उभा होता. होय. काकांच्या आवाजात होय. मला तो त्यांच्या तोंडात बसेना. काका होय म्हणत नाहीत. आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. माझा बाप म्हणत नाही, आई म्हणत नाही. आम्ही व्हय म्हणतो. होय मी म्हणते, कारण मी ते घोकून घेतलं आहे.

मग काका काय म्हणाले होते?

हाय.

हाय म्हणजे आहे. आत कुणी राहिलं नाही ना? हाय. राहिलंय. माणूस आत आहे.

मला हे कळलं. कळल्यानंतर मी काय केलं ते लिहिते. मी सेटचं बटण दाबलं आणि हळू आवाजात, साहेबांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाले, "काका? काका, कुठे आहात?" खरखर. विमानानं नाक खाली केलं, आता आवाज येऊ लागला होता. मी दुर्बीण उचलली. सांगाडे, चुन्याची रेघ, उन्हानं हलणारी हवा. माणूस नाही. माझ्या मनात आलं, कदाचित होयच म्हणाले असतील. माझं बोलणं ऐकून ऐकून म्हणाले असतील. मनात आलं, पुन्हा नीलगाय. मेसमधले चेहरे आले, परिवीक्षेचा कागद आला. विमान सरळ रेषेत येत होतं. मी दुसऱ्यांदा बटण दाबलं. "काका?"

मग मी ओरडले. तीनदा.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तेच तीन शब्द त्यांच्या तोंडून माइकमध्ये गेले. विमान वर्तुळाच्या डोक्यावरून गेलं, पोटाखालचे बॉम्ब तसेच घेऊन. टॉवरच्या काचा थरथरल्या. मग ते उजवीकडे झुकून वर चढलं.

आता साहेब वळले. "कौन है अंदर?"

मी उत्तर देण्याआधी मधल्या सांगाड्याच्या पलीकडून एक माणूस उठून उभा राहिला. हातात लाल कापड. सेट कडकडला आणि आता आवाज स्वच्छ आला.

"अगो बाय, सांगितला ना तुला हाय म्हणून? ह्यो कोण आला डोक्यावर?"

नंतर सगळं जुळलं. आखणी संपवून निघताना त्यांना वाळूत अर्धा रुतलेला, न फुटलेला बॉम्ब दिसला होता. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं काही होऊ नये म्हणून त्यांनी टोळीला पुढे पाठवलं आणि स्वतः झेंडी रोवायला मागे राहिले. सगळं नियमानं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "हाय. मी हाय. झेंडी लावतोय." पुढचं मला आलं नाही, मला पहिला शब्दच आला. ते मात्र निर्धास्त होते, वर आपली पोरगी बसली आहे म्हणून. सेट वाळूवर ठेवून ते दोन्ही हातांनी झेंडी रोवत होते. माझी हळू आवाजातली हाक त्यांना ऐकूच गेली नव्हती.

दुपारी साहेबांसमोर आम्हा दोघांना उभं केलं. काकांनी आल्या आल्या सांगून टाकलं की गलती त्यांची, त्यांना नीट बोलता येत नाही, अनपढ आदमी आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी माझ्यासाठी स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं, हे मला सहन झालं नाही. मी साहेबांना म्हणाले की यांनी बरोबर उत्तर दिलं, मी चुकीचं ऐकलं आणि प्रश्नही वाकडा विचारला. नाही ना, असं विचारायलाच नको होतं. साहेबांनी सगळं लिहून द्यायला सांगितलं. मी हिंदीत दीड पान लिहिलं. मराठी का बोलले, कशी फसले, सगळं. शेवटचं वाक्य होतं की चूक लक्षात येताच मी स्टॉप दिला.

येताच.

तो शब्द लिहिताना पेन अडखळलं नाही. साहेबांनी वाचलं, महिनाभर मला सेटवरून काढून डिस्पॅचला बसवलं आणि सगळ्यांसमोर हेही म्हणाले की वेळेवर ओरडण्याची हिंमत दाखवली. नीलगायीचा विषय त्या दिवसापासून बंद झाला. यथावकाश मी कायम झाले.

काकांनी फोनवरून गावी काय काय सांगितलं ते मला रजेवर गेल्यावर कळलं. त्या वर्षी त्यांना कापणीला जाता आलं नव्हतं, म्हणून त्यांनी काकींसाठी दिलेली एक पिशवी घेऊन मी कापड्याला गेले. झोडणी चालली होती, खळ्यात पेंढ्याचा ढीग होता. काकी मला बघून हातातली कामं टाकून पुढे आल्या. त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं. शेजारच्या दोघीतिघी दारात जमल्या. हीच ती, विमान परत फिरवलं ती. कुणीतरी म्हणालं की शिकल्याचा हा असा उपयोग. मी मान ताठ करून बसले होते, खोटं का सांगू. आत कोंबडी शिजत होती.

बायका गेल्यावर काकींनी ताट वाढलं, तांदळाची भाकरी, रस्सा. समोर बसल्या आणि अगदी साधेपणानं, कौतुकानं विचारलं, "लगीच कळला व्हय गो तुला?"

व्हय म्हटलं असतं तर संपलं होतं. साहेबांनी हा प्रश्न विचारला नव्हता, काकांनी विचारला नव्हता. भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता.

"कळलं लगेच," मी म्हणाले. "पण ओरडले नाही लगेच. दोनदा बारीक आवाजात हाक मारली. लोक पुन्हा हसतील म्हणून थांबले."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना रागवायचा पूर्ण हक्क होता आणि मी त्याची वाट बघत होते. त्यांनी रश्श्याचं भांडं जवळ ओढलं, माझ्या ताटात एक पळी वाढली आणि हात तसाच भांड्यावर राहू दिला.

"त्येना सांगितलास?"

"नाही."

"नको सांगू. त्येना परत तितंच उभा रायचाय."

मी जेवले. निघताना काकींनी काकांसाठी कुळथाच्या पिठाची पुरचुंडी बांधून दिली आणि रस्त्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

परत गेल्यावर मला पुन्हा सेट मिळाला. काकांबरोबरही मी ठरलेलं हिंदीच बोलायला लागले. ते म्हणायचे, बाय आता दिल्लीची झाली. मी काकींचं ऐकलं. पुढची चार वर्षं त्यांना रोज आत जाताना पाहिलं आणि काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी काका काम सोडून कापड्याला परत गेले. आता त्यांना तिथं उभं राहायचं नाही, म्हणून हे लिहिलं. छापून आलं की सून त्यांच्या हातात देईल. त्यांना वाचता येतं, सावकाश, बोट ठेवून. फोन येईल की नाही, मला माहीत नाही.